ताईचं जेवण मोजणारा काटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा, पण पोती तोलणारा नाही. वहीएवढा, पांढरा, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसणारा. माझ्यावर पाच किलोच्या वर काही ठेवलं तर मी घाबरून आकड्यांऐवजी नुसत्या रेघा दाखवतो.

कारखान्यात माझ्यावर शंभर ग्रॅमचं पितळेचं वजन ठेवलं गेलं. मी बरोबर शंभर दाखवले, तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पोटावर हिरवी चिकटपट्टी लावली. ती माझी पहिली शाबासकी. पुढे दुकानाच्या फळीवर मी बरेच दिवस धूळ खात पडलो. मग एक मुलगी वडिलांना घेऊन आली. तिला पोषणशास्त्राच्या पदवीला प्रवेश मिळाला होता.

"एवढ्याशा काट्याला एवढे पैसे?" बाबा म्हणाले. "यावर धड माणूसही उभा राहणार नाही."

"बाबा, माणूस नाही, माणसाचं जेवण मोजायचंय."

बाबांनी पैसे दिले. फीसाठी बँकेचं कर्ज काढलं होतं आणि त्यावर जामीनदार म्हणून त्यांचीच सही होती. तेव्हापासून मी त्या मुलीचा, माझ्या ताईचा झालो.

ती चार वर्षं माझ्या सुखाची. ताई तांदूळ शिजवण्याआधी मोजी, भात झाल्यावर पुन्हा मोजी. सुट्टीत घरी आली की आईच्या हातातला चमचासुद्धा अडवून धरी.

"मीठही मोजणार? वीस वर्षांत माझा हात कधी चुकला नाही," आई म्हणे.

"तुझ्या हाताला परीक्षा नसते ना, आई."

ताई प्रथम श्रेणीत पास झाली. लांबच्या शहरात एका रुग्णालयात तिला आहारतज्ज्ञाची नोकरी लागली. भिंतीला टेकलेली खाट, एक शेगडी, एक खिडकी आणि मी, असा आमचा संसार सुरू झाला. पहिला पगार हातात आला तेव्हा ताई तो बराच वेळ बघत बसली. शिक्षणाला जितका पैसा लागला होता, त्यापुढे तो फारच लहान होता. हप्ता गेला, भाडं गेलं, आणि उरलं ते तीस दिवसांना पुरवायचं होतं.

तेव्हापासून ताई स्वतःचे तांदूळ माझ्यावर मोजू लागली. आधी नव्वद ग्रॅम. मग सत्तर. पावसाळा संपेपर्यंत पन्नास. अंडं रोजचं होतं, ते एक दिवसाआड आलं, मग येईनासं झालं. मला सगळं दिसत होतं. पण काट्याला आकडा दाखवता येतो, तोंड उघडता येत नाही.

रोज संध्याकाळी बाबांचा फोन येई.

"जेवलीस का?"

"हो बाबा, पोटभर."

फोन ठेवला की खोली आणखी मोठी वाटे. समोर बसून जेवायला कुणी नव्हतं, म्हणून ताई वाटी माझ्याशेजारी ठेवून जेवत असे. हप्ता चुकला तर बँकेचं पत्र बाबांच्या दारात जाईल, एवढीच एक भीती तिला होती.

रुग्णालयातला मोठा काटा थोड्या वजनाला फसवायचा, म्हणून ताई मला पिशवीतून तिथे नेत असे. ज्यांना नळीतून अन्न द्यावं लागतं, त्यांची भुकटी ती माझ्यावर मोजायची. आधी रिकामी वाटी ठेवायची, माझं शून्याचं बटण दाबायचं, मग भुकटी घालायची. एका सकाळी उपाशीपोटी तिचं लक्ष उडालं; वाटी ठेवली आणि बटण दाबायचंच राहिलं. भुकटीसोबत वाटीचंही वजन मोजलं गेलं. मी साठ ग्रॅम दाखवले, त्यातले अडतीस वाटीचे होते.

स्वयंपाकघरातल्या मावशींनी वाटी उचलली आणि तिथेच थांबल्या.

"बाई, ही रोज काठापर्यंत भरते. आज तळाशीच कशी?"

ताईने बटणाकडे पाहिलं. हे असंच गेलं असतं, तर पेशंट दिवसभर अर्धपोटी राहिला असता आणि कुणाला कळलंही नसतं.

मावशींनी तिचे बसलेले गाल पाहिले आणि तिला स्टुलावर बसवलं. "तुम्ही सगळ्या पेशंटना विचारता ना, काल दिवसभरात काय खाल्लं? आता मी विचारते. सांगा."

"भात, भाजी, अंडं, दूध..."

"हे तुमच्या आहाराच्या तक्त्यातलं झालं. तुम्ही काय खाल्लं?"

मावशींनी तिच्यापुढे भात वाढला, मोजमाप न करता, आणि ती संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या.

त्या संध्याकाळी फोन ताईने केला. "बाबा, मला हप्ता झेपत नाहीये. मी पोटभर जेवते म्हणत होते, ते खरं नव्हतं."



"कधीपासून?"

"आठ महिने."

"मग मी जामीनदार कशाला झालो गं? सही चांगली येते म्हणून? परवा येतो. बँकेत दोघं जाऊ."

बँकेने हप्ता कमी केला आणि फेडीची मुदत चार वर्षं वाढवली. पगार तेवढाच आहे. ताईला कर्ज अजून बरीच वर्षं फेडायचं आहे. पण ती आता तांदूळ मुठीने घेते. रुग्णालयानेही नवा काटा आणला, म्हणून मी कपाटावर आहे. माझी बॅटरी केव्हाच संपली. दिवसभर खोली रिकामी असते आणि माझ्याकडे कुणी बघत नाही. वाईट वाटत नाही म्हणालो तर खोटं होईल. पण स्वतःचा घास मोजायला मला खाली काढण्याची वेळ ताईवर पुन्हा न येवो.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी शिकायला किंवा नोकरीला लांब गेलं असेल, तर नुसतं 'जेवलीस का' विचारून फोन ठेवू नका. काय जेवलीस, ते विचारा. आणि उत्तर आल्यावरही थोडा वेळ फोन कानाला धरून ठेवा.