रोजची गाडी

मास्तरांनी डिकीचं झाकण उघडलं आणि सरळ आत डोकं घातलं. शोरूममधली विक्रेती हातात फाइल घेऊन अदबीने मागे उभी राहिली.

"स्टेपनी पूर्ण मापाची आहे," आतून आवाज आला. "ही ठीक आहे."

मुलगी तोवर भलत्याच गाडीत जाऊन बसली होती. लाल, बुटकी, जराशी आगाऊ दिसणारी हॅचबॅक. तिने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून पाहिले आणि पटकन काढून घेतले.

"ती नको. ती उनाड पोरांची गाडी आहे."

"बाबा, तुम्ही बघितलीसुद्धा नाही."

"बघायचंय काय त्यात!"

मास्तरांपुढे बोलायची सोय नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. अर्ध्या गावाला क्लच म्हणजे काय ते त्यांनी शिकवलं, आणि उरलेल्या अर्ध्याने त्यांचा आरडाओरडा ऐकून रस्ता बदलला. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी स्कूल बंद केलं आणि घरात बसून त्यांना घर खायला उठलं. तेवढ्यात मुलीला चाळीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात, प्रयोगशाळेत नोकरी लागली. पहिली पाळी सकाळी सहाची आणि त्या वेळेला बस नाही. पत्र वाचून होतंय न होतंय तोच मास्तर म्हणाले, "मी सोडीन, मीच आणीन." तेव्हापासून त्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं होतं.

सतराव्या वर्षी मुलगी वडिलांकडे तीन दिवस गाडी शिकली. तिसऱ्या दिवशी ते असे खेकसले की तिने पुन्हा त्या गाडीत पाय ठेवला नाही. "हिच्या हाताला गाडी नाही," हे मास्तर येईल त्याला सांगत. हे ती दहा वर्षं ऐकत आली होती.

"टेस्ट ड्राइव्हला कोण बसणार?" विक्रेतीने विचारलं. "लायसन्स दाखवावं लागेल."

मास्तरांनी खिशातून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. मुलीने पर्स उघडली आणि त्याच्या शेजारी आणखी एक ठेवलं.

मास्तरांनी चष्मा लावला. ते उचललं, उलटंसुलटं केलं.

"हे कधी?"

"झाले आठ महिने."

"कुणाकडे शिकलीस?"

"बाजारातल्या त्या नव्या स्कूलमध्ये."

"त्या लंबूकडे?" मास्तरांचा पारा चढला. "अगं, त्याला गाडी मी शिकवलीय!"

"तो पण तेच म्हणाला. सगळं तुमच्याच पद्धतीने शिकवतो. फक्त ओरडत नाही."

विक्रेतीने फाइल तोंडासमोर धरली. मास्तरांना मात्र वाईट वाटलं, सरळ सांगायचं तर फार वाईट वाटलं. पोटची पोर परक्याच्या शेजारी बसून शिकली आणि आठ महिने घरात ब्र काढला नाही.

"सोमवारपासून मीच चालवत जाणार आहे, बाबा." मुलगी म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात तर बरं वाटेल."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तरी जाईन. पण रोज वाईट वाटत राहील."

मुलीने लाल गाडीचीच किल्ली मागितली आणि शोरूमच्या नियमाप्रमाणे विक्रेती तिच्या शेजारी बसली. मास्तर मागे. लाल गाडी बाहेर पडली.

"आरसा बघ."

"बघतेय."

"सायकल, सायकल!"

"दिसली, बाबा."

गिअर खरखरला. मास्तरांचं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष तिच्या मानेकडे गेलं. त्यांच्या प्रत्येक शब्दासरशी तिचे खांदे कानांपर्यंत वर चढत होते. एकतीस वर्षं ते शिकणाऱ्याच्या शेजारी बसले होते, हात आणि पाय बघत. पाठीमागून कुणाला पाहिलंच नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं. ते सोपं नव्हतं, दोनदा तर त्यांना खोटं खोटं खोकावं लागलं.

चढावर पुढचा ट्रक थांबला. भलेभले इथे गाडी मागे सोडतात. ट्रक हलला तशी ती सावकाश निघाली, इंचभरही मागे न येता. पुढे तलावाकाठचा वळणावळणाचा रस्ता लागला. एक वळण, दुसरं, तिसरं. लाल गाडी कशी लोण्यासारखी जात होती. आणि ती हसली. कुणाकडे बघून नाही, आपली आपणच.

"गाडी बाजूला घे," मास्तर म्हणाले.

तिचा चेहरा पडला. "आता काय चुकलं?"

मास्तर खाली उतरले. दार लावलं आणि खिडकीशी आले.

"पुढच्या चौकाला वळसा घालून ये. मी इथे उभा आहे."

ती बघतच राहिली. शिकणारा तयार झाला असं वाटलं की मास्तर रस्त्यात कुठेही असे उतरून जात. शाबासकी नाही, काही नाही, एवढंच. कुणाला हे पंधरा दिवसांत मिळे, कुणाला सहा महिन्यांतही मिळत नसे. ज्यांना मिळालं, त्यांनी तो दिवस पोराबाळांना सांगितला होता. त्यांच्याच घरात वाढलेल्या मुलीला ते वेगळं समजावून द्यायला नको होतं.

"काका, पण मला नाही उतरता येणार," विक्रेती गडबडून म्हणाली. "नियम आहे."

"तू बस गं. तू यात धरलेली नाहीस."

गाडी गेली. मास्तर कठड्याला टेकून उभे राहिले. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून ते त्यांनी पाठीमागे बांधले. कुत्र्याला फिरवायला निघालेले एक गृहस्थ थबकले.

"काय मास्तर, गाडी बंद पडली की काय?"

"छे हो. मुलगी घेऊन गेलीय."

सहा-सात मिनिटांनी गाडी आली आणि अगदी कडेला, त्यांच्या पायांपाशी थांबली. मुलीचे डोळे ओले होते. मास्तरांनी तिकडे बघायचं टाळलं.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं. गाडीबद्दल त्यांनी तिला काही विचारायची ही पहिलीच वेळ.

"मजा येते चालवायला."

"मग हीच घे."

ते मागे बसले. शोरूमची पाटी दिसू लागल्यावर मास्तर म्हणाले, "सोमवारी साडेचारला उठवतो तुला."

"तुम्ही कशाला उठताय आता, बाबा? झोपा की निवांत."

"वा!" मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आणि तुझा चहा कोण करणार?"