आठ शेंगांचा घोस

रोफिनाने बाहेरून बांबूच्या भिंतीवर मुठीने तीनदा ठोकलं आणि विचारलं,

"आतलं की बाहेरचं?"

हे विचारायचं काम खरं तर पुरुषाचं. पण तिचा नवरा आणि दीर दोघेही समुद्रापलीकडे कालिमंतानला तेलताडाच्या मळ्यांवर गेलेले, तेव्हा थोरली जाऊ म्हणून ते तिच्या गळ्यात पडलं होतं. आतून आधी बाळाचं रडणं आलं, मग सुईणीचा आवाज.

"आतलं! आतलं आहे गं!"

मुलगा घरात राहणार, म्हणून आतलं. मुलगी लग्न होऊन जाणार, म्हणून बाहेरचं. सतरा वर्षांपूर्वी याच भिंतीवर ठोकलं गेलं होतं तेव्हा आत रोफिना निजलेली होती, आणि उत्तर गेलं होतं 'बाहेरचं'. ती यासिन्ता. त्यानंतर रोफिनाची कूस पुन्हा उजवली नाही.

सासू अंगणात कोंबडीला दाणे टाकत होती. हातातलं भांडं तसंच उपडं करून ती म्हणाली, "आला बाई माझ्या वरच्या मळ्याला धनी!"

वरचा मळा म्हणजे झऱ्याकाठच्या शंभर व्हॅनिलाच्या वेली. त्या यंदाच्या हंगामानंतर कुणाच्या तरी हवाली करणार, असं म्हातारी वर्षभर सांगत होती. रोफिनाने मनातल्या मनात त्या कधीच घेतल्या होत्या. त्यांच्या जिवावर यासिन्ताला रुतेंग शहरात नर्सिंगच्या शाळेत घालायचं, एवढंच तिचं स्वप्न. आता ती भिंतीला हात लावून उभी राहिली. तिला वाटला तो हेवा होता, आणि तिने त्याला दुसरं नाव द्यायचा प्रयत्नही केला नाही.

आत बाळंत झालेली मोदेस्ता तिची धाकटी जाऊ. किनाऱ्यावरच्या कोळ्याची पोर. तीन वर्षांपूर्वी डोंगरावर आली तेव्हा व्हॅनिलाची वेल आणि मिऱ्याची वेल तिला सारखीच वाटायची. रोफिनानेच तिला फुलांचं लग्न लावायला शिकवलं. या फुलाला इथे माशी-किडा कुणी वऱ्हाडी नाही. माणसानेच लिंबाच्या काट्याने आतली इवली जीभ उचलायची आणि पिवळा कण अंगठ्याने अलगद खाली दाबायचा. फूल एकच सकाळ उघडतं. दुपारपर्यंत लग्न लागलं नाही तर गळून पडतं.

दुसऱ्याच वर्षी मोदेस्ताची फुलं रोफिनाच्या फुलांपेक्षा जास्त धरली. वीस वर्षं 'रोफिनाचा हात' म्हणणाऱ्या बायका झऱ्यावर 'मोदेस्ताचा हात' म्हणायला लागल्या, आणि तेही रोफिनाच्या देखत.

दोघींच्या वेली वेगळ्या; मोदेस्ताच्या उन्हात, म्हणून आधी फुलायच्या. बाळ झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या पहिल्या कळ्या उमलल्या, आणि बाळंतीण तर बारा दिवस चुलीजवळून हलायची नाही.

"आता या फुलांचं कोण करणार?" सासूने कपाळाला हात लावला.

"मी आहे ना," रोफिना म्हणाली.

घोसात पंधरा-वीस कळ्या असतात. रोज एखाद-दोन उमलतात. जाणती बाई पहिल्या आठ फुलांची लग्नं लावते आणि उरलेल्या कळ्या खुडून टाकते. साऱ्यांचीच लावली तर घोस गच्च दिसतो, बघणाऱ्याचे डोळे निवतात. पण वेल सगळा जीव त्यात ओतते. शेंगा चवळीसारख्या बारीक राहतात आणि पुढच्या वर्षी पानं पिवळी पडून वेल बसते. रोफिनाला हे बापाने सांगितलं होतं. तिने मोदेस्ताला हात शिकवला, आठाचा आकडा शिकवला नाही. पहिली दोन वर्षं घोस मोजके होते. जाता-येता गप्पा मारताना जादा कळ्या रोफिनाच खुडायची. सांगायचं राहून गेलं, असं ती स्वतःला म्हणायची. राहून गेलं नव्हतं.

बारा दिवस ती सकाळी दव वाळल्याबरोबर मोदेस्ताच्या वेलींत शिरली. आठ झाली. नववं फूल समोर आलं तेव्हा तिचा काटा थोडा थांबला. मग तिने त्याचंही लग्न लावलं. दहाव्याला थांबली नाही.

"बघा गं!" शेजारची सेलिनकाकू कुंपणापलीकडून ओरडली. "स्वतःच्या वेलींना कधी एवढा वेळ दिला नाही हिने. अशी जाऊ मिळायला नशीब लागतं. माझी आहे एक, माझी रताळी करपली तरी चुलीवरून भांडं उतरवणार नाही!"

बायका हसल्या. रोफिनाही हसली. आतून मोदेस्ताने उकडलेल्या कसाव्याचं ताट पाठवलं, वर निरोप की ताई, माझ्यासाठी किती करता.

"एकही फूल वाया जाऊ दिलं नाही म्हणावं," रोफिनाने सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तेराव्या दिवशी मोदेस्ता पहिल्यांदा घराबाहेर आली आणि त्याच दिवशी रोफिनाच्या सावलीतल्या वेली उमलल्या. नेमकी दुसऱ्या दिवसापासून यासिन्ताची रुतेंगला परीक्षा. मग तपासणी, मग मुलाखत. सहा दिवस तरी मोडणार होते.

"तुझ्या वेली मोदेस्ता बघेल," सासू म्हणाली. "फेड नको का करायला?"

लाकडी बाकांचा ट्रक सुरू झाला होता. यासिन्ता वर चढून बसली होती. मोदेस्ता बाळाला झोळीत घेऊन पोचवायला आली होती.

"मोदेस्ता, घोसात..." रोफिनाने तोंड उघडलं.

"काय, ताई?"

आठ म्हणावं तर मोदेस्ता विचारणार, मग माझ्या वेलींवर अठरा का? न विचारण्याइतकी ती काही खुळी नव्हती.

"काही नाही. दव वाळल्यावर लाव."

"तुमच्यासारखंच लावीन," मोदेस्ता म्हणाली.

रुतेंगच्या थंडीत रोफिनाच्या घशाखाली सहा दिवस घास उतरला नाही. लोकांना वाटलं, लेकीच्या परीक्षेची काळजी. तिला डोळ्यांसमोर फक्त आपल्या चाळीस वेली दिसत होत्या, गच्च भरलेल्या, आणि मरायला टेकलेल्या.

परत आली तशी पिशवी अंगणात टाकून ती थेट मळ्यात गेली. पहिला घोस हातात घेतला. आठ. दुसरा. आठ. उरलेल्या कळ्या नखाने स्वच्छ खुडलेल्या. तिने कुंपणापलीकडे पाहिलं. मोदेस्ताच्या घोसांतही आठ-आठच शेंगा होत्या, आणि खाली मातीत बोटभर शेंगांचा सडा पडून वाळला होता.

"बरोबर आहे ना, ताई?" मोदेस्ता मागे उभी होती. बाळ झोळीत झोपलेलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? गप्पा मारता मारता तुम्ही माझ्या कळ्या खुडायचात. मी बघत होते की." तिने झोळी सारखी केली. "यंदा तुम्हाला घाई झाली असेल. दोन-दोन मळ्यांचं काम."

रोफिनाने त्या आवाजात टोमणा शोधला. सापडला असता तर भांडता आलं असतं.

"आईंना बोललीस?"

"बोलले. म्हटलं, वरचा मळा ताईंना द्या. बारा दिवस दुसऱ्याच्या वेलीत कोण उभं राहतं? यासिन्ताची शाळा आता आहे. माझा हा अजून मान धरत नाही." ती बाळाकडे बघून हसली. "त्या हो म्हणाल्या. संध्याकाळी सांगतील तुम्हाला. मी सांगितलं म्हणू नका."

ती घराकडे गेली. रोफिना तिथेच उभी राहिली. वरचा मळा मिळाला होता. यासिन्ताच्या शाळेची सोय झाली होती. मागितलेलं सगळं पदरात पडलं होतं. पण मुलगा हिला, हात हिचा. आता मोठं मनही हिचंच. आपल्यासाठी हिने काही म्हणून शिल्लक ठेवलं नव्हतं.

घरातून सासूची हाक आली. रोफिनाने ओ दिली, पण हलली नाही. ती पुन्हा पहिल्या वेलीशी गेली आणि एकेक घोस हातात घेऊन मोजू लागली. चाळीस वेलींत एखाद्या तरी घोसात नववी शेंग राहून गेली असेल. एक तरी.