जांभळीचा रहिवासी

वसंतराव देगलूरकर नांदेडच्या एका सरकारी कचेरीतून एकतीस मेला रिटायर झाले, तेव्हा त्यांचं तेहतीस वर्षांचं अपडाऊन संपलं. नोकरीला नांदेड आणि राहायला जांभळी. जांभळी म्हणजे मुदखेडच्या अलीकडचं छोटं स्टेशन. जागा स्वस्त म्हणून मास्तर, कारकून, नर्सबाया अशा पुष्कळांनी इथं घरं बांधली आणि सगळे सकाळी सव्वाआठच्या पॅसेंजरनं नांदेडला जाऊ लागले. परत यायचे संध्याकाळी पावणेसातला. मधल्या वेळात सोसायटीच्या गल्लीत नुसती कुलपं.

सरोजिनीबाई नांदेडच्या शाळेत शिकवत आणि त्यांची अजून दोन वर्षं बाकी होती. त्यामुळं रिटायरमेंटनंतरच्या पहिल्याच सोमवारी बाई गाडीला गेल्या आणि वसंतराव घरात एकटे उरले. अकरा वाजता आपल्या ओसरीवर ऊन कुठपर्यंत येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. रविवारीसुद्धा बाजारहाटाला ते नांदेडलाच जायचे.

लेक मालविका मस्कतला असते. "बाबा, आता तरी या," म्हणून तिनं इथूनतिथून कागद मागवून पासपोर्टचा अर्ज भरून टाकला. जुलैत पोलीस चौकशी आली. हवालदार शिवशंकर दुपारी बारा वाजता दारात उभे. पाणी झालं, चहा झाला. कागदपत्रं बघून झाली.

"सगळं बरोबर हाय सर," शिवशंकर म्हणाले. "आता फक्त शेजारचे दोघं पाहिजेत. वर्षभर हितं राहून राहिले एवढं त्यांनी सांगायचं आन् सही करायची. पाच मिनिटाचं काम."

वसंतराव उत्साहानं उठले. डावीकडं वर्षाराणी नर्सबाईंचं घर. कुलूप. उजवीकडं किशनराव, कॉलेजातले हेडक्लार्क. कुलूप. समोर कुलूप, त्याच्या पलीकडं कुलूप. गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत दोघं बावीस कुलपं बघत गेले.

एका टोकाला पिठाची गिरणी होती. सिंधु नावाची पन्नाशीची बाई ती चालवायची. तोंडाला पदर, भुवयांवर पीठ. शिवशंकरांनी हातानं खूण केल्यावर तिनं पट्टा बंद केला.

"ह्यांना वळखता का?"

सिंधुनं वसंतरावांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"न्हाई बा. कोणाकडं आले पाव्हणे?"

"अहो, पाहुणे काय! तुमच्या मागचं चौथं घर माझं. तेहतीस वर्षं झाली!"

"असंल," सिंधु शांतपणे म्हणाली. "पर मी बारा वर्सं झाली हितं दिसभर बसून राहिले. तुमी कवा दिसले न्हाई. दळण कुटं देता?"

वसंतराव घुटमळले. "तयार आटा आणतो. नांदेडहून."

"मंग मी कशी वळखू?"

गिरणीला लागून महादेवप्पांचं केशकर्तनालय. महादेवप्पा मूळचे कर्नाटकाच्या सीमेवरचे, बोलता बोलता मधेच कानडीत घसरणारे. त्यांनी वसंतरावांच्या चेहऱ्याकडं न बघता डोक्याकडं बघितलं.

"हे डोकं माझ्या हाताखालून गेलेलं न्हाई," त्यांनी निकाल दिला. "कुठं कापता?"

"नांदेडला. स्टेशनसमोर."

"अय्यप्पा! मागून बघा हो साहेब, पायऱ्या पायऱ्या सोडल्यात."

शिवशंकरांनी पॅडवर पेन टेकवलं आणि तसंच थांबले. मग जरा संकोचून म्हणाले, "सर, खरं सांगू का? मी पण नांदेडहून अपडाऊन करतो. तुम्हाला मी रोज संध्याकाळी बघितलंय, पण नांदेड स्टेशनवर. मला वाटायचं तुम्ही तिथलेच. आता मी लिहू काय? आडनावानं देगलूरचे, दिसतात नांदेडला, आन् म्हणतात जांभळीत राहतो."

"माझं घर आहे हो इथं!"

"घर हाय. माणसाचा पुरावा पाहिजे. शुक्रवारपर्यंत दोघं उभे करा, न्हाईतर मला 'ओळखत नाहीत' असंच लिहावं लागंल."

संध्याकाळी पावणेसातच्या गाडीतून उतरलेली सगळी मंडळी ओसरीवर जमली आणि आधी पोटभर हसली. दोघं कशाला, आम्ही चाळीस जण सही करतो, असं सगळेच म्हणाले. पण हवालदार संध्याकाळच्या आधीच नांदेडला परतणार, म्हणून दुपारी बाराला जांभळीत हजर राहायचं म्हणजे एक रजा. रजेचं नाव निघताच एकेकाला अडचणी आठवल्या. वर्षाराणीची ड्यूटी बदलत नव्हती. एकाची तपासणी होती. किशनरावांच्या तीन किरकोळ रजा उरल्या होत्या आणि तिन्ही त्यांनी पुतण्याच्या लग्नासाठी जपून ठेवल्या होत्या.

"एक दिवस द्या हो," वसंतराव म्हणाले.

"वसंतराव, तुमच्यासाठी जीव मागा. सीएल नका मागू."

पण तोड किशनरावांनीच काढली. आपली सव्वाआठची गाडी क्रॉसिंगसाठी जांभळीत सात मिनिटं थांबते. समोरून नांदेडची गाडी येते, त्यातून हवालदार उतरतात. त्यांनी पूल चढून आपल्या डब्याशी यायचं, खिडकीतून कागद द्यायचा, दोन सह्या, झालं. वसंतरावांनी फोन केला. शिवशंकर म्हणाले, "चालतंय. मला बी ऊन वाचंल."

शुक्रवारी सकाळी वसंतराव नव्या शर्टात फलाटावर उभे राहिले. नांदेडची गाडी आली, पण चार मिनिटं उशिरा. शिवशंकर धापा टाकत पूल उतरले तेव्हा तीनच मिनिटं उरली होती. त्यांनी पॅड खिडकीतून किशनरावांच्या हातात दिलं. किशनरावांनी चष्मा लावून कागद आधी वाचायला घेतला. हेडक्लार्कच ते, न वाचता सही कशी करणार?

"वाचू नका हो, सही करा!" वसंतराव ओरडले.

"'वर्तणूक' ह्या शब्दाला इथं ऱ्हस्व केलंय," किशनराव म्हणाले.

त्यांनी सही केली. मग वर्षाराणीनं केली. एवढ्यावर थांबायचं होतं, पण मागच्या बाकावरून हात आला. "आम्ही काय वसंतरावांचे वैरी आहोत का?" पॅड मागं गेलं. तिथून पुढं गेलं. सरोजिनीबाई बायकांच्या बाकावरून "बास हो, दोनच पाहिजेत!" म्हणत होत्या, पण त्यांचं ऐकणार कोण? शिट्टी झाली. शिवशंकरांनी खिडकीत हात घातला तेव्हा पॅड डब्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. गाडी हलली. हवालदार गाडीबरोबर फलाट संपेपर्यंत पळाले आणि सरकारी कागद नांदेडला निघून गेला.

शिवशंकर बाकड्यावर बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"आता साहेबाला काय सांगू? कागद अपडाऊनला गेला म्हणू?"

किशनरावांचा फोन आला. कागद सुखरूप आहे, संध्याकाळी आणतो. तोपर्यंत चौकीत तोंड दाखवायची शिवशंकरांची हिंमत होईना. जांभळीतच चौकशीत गुंतलोय, असं त्यांनी फोनवर कळवलं आणि ते खोटं नव्हतं. सरोजिनीबाईंनी गडबडीत किल्ली पर्समध्येच नेली होती, त्यामुळं वसंतरावही घराबाहेर. दोघं जाऊन गिरणीच्या फळीवर बसले.

दिवस मोठा होता. सिंधुनं आधी चहा दिला, मग बाराला ज्वारीची भाकरी आणि ठेचा. दळण घेऊन येणारी प्रत्येक बाई विचारायची, "हे कोण?" आणि सिंधु सांगायची, "मागच्या घरचे हायत म्हणं." महादेवप्पांनी गिऱ्हाईक नाही असं बघून वसंतरावांना खुर्चीत बसवलं आणि नांदेडच्या पायऱ्या साफ केल्या. ग्यानोबा नावाचे म्हातारे रोज दोन वाजता पेपर वाचायला यायचे. आज त्यांना डोळ्याचा त्रास होता, म्हणून वसंतरावांनी मोठ्यानं वाचला. भोवती सातआठ जण जमले. बातम्यांपेक्षा त्यावरचं भांडण रंगलं आणि वसंतरावांना घड्याळ बघायचं राहून गेलं.

चार वाजता सिंधु हात झटकून म्हणाली, "आना तो कागद. मी करते सही. आता वळखते मी ह्यांना."

"कधीपासून?" शिवशंकरांनी विचारलं.

"सकाळपासून."

शिवशंकरांनी कपाळाला हात लावला. "मावशी, वर्षभर लागतंय!"

सिंधु विचारात पडली. मग तिनं मागच्या घरांकडं बघितलं. "त्या दोरीवर निळ्या पट्ट्याचा शर्ट असतोय. खिशाला शाईचा डाग. तुमचाच का?"

"हाव, माझाच," वसंतराव म्हणाले. गडबडीत त्यांच्या तोंडून 'हो'ऐवजी गावचं 'हाव' निघालं.

"आन् लांब बंदाची कापडी पिशवी, इंग्लिश अक्षरं असलेली? आन् बाईच्या शाळेच्या साड्या, मंगळवारी पिवळी? मंग न्हाई कशी वळखत! बारा वर्सं तुमचे कपडे मीच काढून राहिले. दुपारी आभाळ आलं की भितीवरून हात घालून काढायचे, घडी करायची, वसरीवर खुर्चीत ठिवायचे. माणूस बघितला न्हाई, पर शर्ट बघितलाय. रोज वाळत घालनारा माणूस हितंच राहात असंल की!"

वसंतरावांनी चष्मा काढला आणि ते तो पुसत बसले.

"हा पुरावा चालंल," शिवशंकर म्हणाले.

संध्याकाळी किशनराव कागद घेऊन उतरले. त्यावर त्रेचाळीस सह्या होत्या. त्यातले दोघं मुदखेडहून गाडीत बसलेले होते आणि ते वसंतरावांना ओळखतही नव्हते. शिवशंकरांनी कागद उलटसुलट केला, कोरा नमुना काढला आणि त्यावर सिंधु आणि महादेवप्पा यांच्या सह्या घेतल्या. किशनरावांना ते लागलं. दोन दिवस ते वसंतरावांशी बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी वसंतरावांनी बायकोला कपड्यांची हकिगत सांगितली. सरोजिनीबाई पोळी लाटायच्या थांबल्या.

"म्हणजे वर्षाराणी नव्हती?"

"नाही."

"अहो, रात्रपाळी असली की दुपारी घरी असते, तीच कपडे काढते म्हणून बारा दिवाळ्या मी तिला फराळाचा मोठा डबा देत आले! चकल्या वेगळ्या! आणि ती दरवर्षी म्हणते, 'कशाला उगीच?' मला वाटायचं, किती विनयशील बाई!"

"तिला काय माहीत बिचारीला. तिला वाटलं असेल, शेजारी प्रेमळ आहेत."

सरोजिनीबाईंना हसू आवरेना. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी गॅस बंद केला आणि फळीवरचा गव्हाचा डबा खाली काढायला सांगितला. गहू बहिणीच्या शेतातला, वर्षभर तसाच पडून होता. रविवारी सकाळी दोघं नांदेडला गेले नाहीत. वसंतरावांनी डबा खांद्यावर घेतला, बाईंनी बेसनलाडूंची पिशवी घेतली, आणि गिरणीवर जाऊन ते रांगेत उभे राहिले. त्यांच्यापुढं सहा जणी होत्या.