पटावरची नऊ मुलं

उत्तरा शाळेच्या एम.आर.वर निवडून आली असं सगळे म्हणायचे. निवडून यायला समोर कुणी उभं असावं लागतं, तिच्यासमोर कुणीच नव्हतं. एम.आर. म्हणजे शाळेची सल्लागार समिती. तीन शिक्षक, तीन पालक, महिन्यातून एक बैठक, पाणचट कॉफी आणि माणशी एक बिस्कीट. हॉलंडमध्ये शाळा चालवते एक संस्था, पैसे देतं सरकार, गुण देतात निरीक्षक, आणि या तिघांनी घातलेला घोळ निस्तरायला मुख्याध्यापिका असते. समितीला मत विचारतात, कायदाच तसा आहे. मत दिल्यावर त्याचं काय करायचं, ते संस्था ठरवते.

रायस्वाइकच्या त्या लाल विटांच्या शाळेत पालकांची एक जागा दीड वर्ष रिकामी पडली होती. मुख्याध्यापिका मारलूस बाईंनी उत्तराला फाटकाजवळ गाठून विचारलं. उत्तरा एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती, तिला डच चांगलं यायचं, पण हो म्हणण्याचं कारण ते नव्हतं. त्या शाळेला नाही म्हणणं तिला जमण्यासारखं नव्हतं. त्या शाळेनं तिच्या मुलीला बोलतं केलं होतं.

जुई सात वर्षांची. घरात तोंडाचा पट्टा अखंड चालू, मराठी, इंग्रजी, डच सगळ्याची खिचडी. आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की एक अक्षर नाही. फोरबर्गच्या आधीच्या शाळेत दोन वर्षं तिला भाषा कळत नाही असं समजून मागच्या बाकावर चित्रं रंगवायला बसवलं. डॉक्टरांनी तिच्या गप्प राहण्याला एक लांबलचक नाव दिलं, आणि नाव दिलं म्हणजे आपलं काम झालं असं त्यांना वाटलं असावं. मग लाल शाळेत हानेके बाई भेटल्या. हानेके बाईंनी तिला कधी 'बोल' म्हटलं नाही. त्या रोज दुपारी दहा मिनिटं तिच्याकडे पाठ करून कपाट आवरत बसायच्या, आणि जुईच्या हातात गोष्टीचं पुस्तक द्यायच्या. चौदा महिने कपाट आवरणं चाललं. एवढं आवरलेलं कपाट अख्ख्या देशात नसेल. चौदाव्या महिन्यात जुईनं त्या पाठीला एक ओळ वाचून दाखवली. हानेके बाईंनी वळून पाहिलं नाही, नुसतं 'पुढे?' म्हणाल्या. ते ऐकून उत्तरा दवाखान्याच्या स्वच्छतागृहात जाऊन रडली होती.

जानेवारीच्या बैठकीत मारलूस बाईंनी आधी सगळ्यांच्या सह्या घेतल्या. इथे जे कळेल ते बाहेर जाणार नाही, असा कागद होता. मग निरीक्षकांच्या अहवालाचा मसुदा समोर ठेवला. शेरा होता, अतिशय कमकुवत. त्याखाली दुसरा शेराच नसतो. वाचन मागे, गणित मागे, दोन वर्गांना वर्षभर कायमचे शिक्षक नाहीत. हानेके बाईंच्या पाठीबद्दल त्यात एक शब्द नव्हता. असल्या गोष्टींसाठी अहवालात रकाना नसतो.

तरी मारलूस बाईंचं म्हणणं होतं की सगळं संपलेलं नाही. अहवाल मार्चमध्ये जाहीर होणार. त्याआधी एक फेब्रुवारीला पट मोजला जाणार, दरवर्षी जातो तसा, कारण पटावर जितकी मुलं तितका निधी. शाळेला किमान एकशे ऐंशी मुलं हवीत. मागची दोन वर्षं आकडा त्याखाली होता, तिसऱ्यांदा खाली गेला की शाळा बंद. यंदा मात्र पटावर एकशे सत्त्याऐंशी मुलं होती. आकडा टिकला तर दोन नवे शिक्षक आणि सुधारणेसाठी वेगळा गट पाठवू, असं संस्थेनं लेखी दिलं होतं. फक्त तीन आठवडे शांतता हवी, एवढंच बाईंचं मागणं होतं. उत्तरानं मान डोलावली, आणि मनापासून डोलावली.

त्याच रविवारी शिवांगीकडे हळदीकुंकू होतं. शिवांगी ही उत्तराची या देशातली सर्वांत जुनी मैत्रीण. दोघी एकाच वर्षी नवऱ्यांच्या व्हिसावर आलेल्या. जुई झाली तेव्हा उत्तराच्या आईला व्हिसा मिळाला नव्हता. तिचा नवरा विनायक आर्नहेमच्या नोकरीवर नुकताच रुजू झालेला, सकाळी सहाला घर सोडायचा. चाळीस दिवस डिंकाचे लाडू, शेक, बाळाची मालिश, सगळं शिवांगीनं केलं होतं. तिचा मुलगा अद्वय आता लाल शाळेत सातव्या गटात, म्हणजे आपल्या पाचवीत होता. पुढच्या वर्षी शिक्षक ठरवणार, मुलगा विद्यापीठाच्या वाटेनं जाणार की कारागिरीच्या. इथे बाराव्या वर्षी मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि आपल्या आयांची त्या दोन वर्षांत झोप उडते.

स्वयंपाकघरात दोघीच होत्या. शिवांगी वाणाचे डबे मांडत होती, उत्तरा तिळगुळाच्या पुड्या बांधत होती. शिवांगीनं सहज विचारलं, "इन्स्पेक्शनचं काय झालं गं?" उत्तरा बांधलेली पुडी सोडून पुन्हा बांधू लागली, पण त्या बाईनं तिला बाळंतपणात पाहिलेलं, तिच्यापासून काय लपणार. शिवांगी हातातला डबा खाली ठेवून म्हणाली, "खरं सांग. अद्वयच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न आहे."

उत्तराच्या डोळ्यांपुढे सही केलेला कागद आला, आणि मालिश करणारे ते हातही आले. हात जिंकले. "रिझल्ट फार वाईट आहे," ती म्हणाली, "कुणाला बोलू नकोस, माझी शपथ आहे तुला." शिवांगीचा चेहरा उतरला. उत्तरा पुढचं सांगणार होती, की सगळे राहिलो तर शाळा सुधारेल, शिक्षक येणार आहेत, लेखी आहे. तेवढ्यात बाहेरून तबक मागायला दोघीतिघी आत आल्या, उखाण्यांचा आग्रह सुरू झाला. बातमीचा चांगला अर्धा भाग उत्तराच्या तोंडातच राहिला. फोनवर सांगू म्हणाली, आणि दवाखान्यात त्या आठवड्यात दोन सहकारी रजेवर होत्या, राहून गेलं. राहून गेलं म्हणायला सोपं आहे. खरं तर तो विषय पुन्हा काढायची तिला लाज वाटत होती.

शिवांगीनं शपथ पाळली, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. तिनं कुणाला चकार शब्द सांगितला नाही. तिनं फक्त दहा दिवसांत अद्वयला लायडस्खेनडामच्या एका शाळेत घातलं. तिथल्या शाळेलाही पट हवाच होता. एक फेब्रुवारीच्या आधी या, म्हणजे बरं, असं त्यांनी हसत सांगितलं.

आपल्या लोकांना सांगावं लागत नाही, ते बघतात. शिवांगी म्हणजे घर घेताना दहा शाळांचे निकाल तक्त्यात मांडणारी बाई. तिनं वर्षाच्या मधेच मुलगा काढला, आणि तिची जिवलग मैत्रीण समितीवर. कुणी आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ लिहिली नाही. नुसते दुसऱ्या शाळांमध्ये फोन गेले.

आणि इथे उत्तरानं दुसरी चूक केली, ती पहिलीपेक्षा मोठी. निशिगंधा नावाची एक आई, जुळ्या मुलींची, तिला सकाळी सायकलींच्या स्टँडपाशी भेटली. तिनं सरळ विचारलं, शाळेचं काही बिनसलंय का. उत्तराला एव्हाना आपण कागदावर दिलेला शब्द मोडल्याचं इतकं लागलं होतं की आता तरी नियमानं वागायचं असं तिनं ठरवलं होतं. ती म्हणाली, "मला त्याबद्दल काही बोलता येत नाही." निशिगंधानं तिच्याकडे दोन क्षण पाहिलं, थँक्यू म्हणाली आणि गेली. सायकलीचं कुलूप उघडता उघडता उत्तराला कळलं की याहून स्पष्ट उत्तर आपण देऊच शकलो नसतो. मी जुईला इथेच ठेवणार आहे, एवढं तरी म्हणता आलं असतं. त्याला कुठल्याही कागदाची बंदी नव्हती. पण ते तिला घरी पोचल्यावर सुचलं, आणि निशिगंधाला फोन करण्याइतकं धैर्य झालं नाही.

एक फेब्रुवारीला पट भरला एकशे अठ्ठ्याहत्तर. तीन आठवड्यांत नऊ मुलं गेली होती, सात घरांतली, सगळी आपली. दोन मुलं कमी पडली. निशिगंधाच्या जुळ्याच दोन होत्या.

संस्थेकडे अकरा शाळा आणि त्यांच्यावर दोन संचालक. त्यांतले एक गृहस्थ बैठकीला आले, करड्या स्वेटरमध्ये, अतिशय सभ्य. त्यांना वाईट वाटत होतं आणि ते त्यांनी तीनदा सांगितलं. शाळा जुलैमध्ये बंद होईल, शिक्षकांना इतरत्र सामावून घेऊ, समितीनं आपलं मत लेखी द्यावं. मारलूस बाई खाली बघून म्हणाल्या की कुणीतरी बाहेर बोललंय, पण मी विचारणार नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. न विचारल्यामुळे उत्तराला स्वतःहून सांगावं लागलं. सांगताना तिचं डच अडखळलं, आणि कुणीही तिला शब्द पुरवले नाहीत.

पुढच्या आठवड्यात पालकांची सभा होती. गेलेल्या घरांतल्याही काही जणी आल्या होत्या. उत्तरानं तिथेही सगळं सांगितलं, आणि पोटात ठेवलेला चांगला अर्धा भागही सांगितला. सभा संपल्यावर निशिगंधा तिच्याजवळ आली. उत्तराला वाटलं, ही म्हणेल की तू सांगितलंस म्हणून शाळा गेली. निशिगंधाचं दुखणं वेगळंच होतं.

"शिवांगीला सांगता आलं तुला," ती म्हणाली. "मी तोंडावर विचारलं, तर मला नियम दाखवलास. एक वाक्य बोलली असतीस, तर माझ्या मुली आज इथे असत्या."

शिवांगी त्या सभेला आली नाही. नंतर तिचा एक मेसेज आला, मला पूर्ण सांगायला हवं होतंस, असा. त्या दोघी अजून बोलतात, पण भाजीच्या भावाबद्दल बोलावं तशा.

हानेके बाईंना संस्था ज्या शाळेत सामावून घेणार होती तिथे जुईच्या वयाचा वर्ग भरलेला होता. दहा मिनिटं कपाट आवरण्याची सोय कुठल्या बदलीच्या पत्रात लिहीत नाहीत. जुईचं नाव तिसऱ्याच एका शाळेत घातलं. बाई जाणार हे कळल्यावर, मे महिन्यापासून, तिनं वर्गात वाचणं थांबवलं. हानेके बाई पाठ करून बसत, आणि मागून पान उलटल्याचा आवाजसुद्धा येत नसे. घरात मात्र ती बोलत होती, आणि उत्तरा त्या बडबडीला धरून दिवस काढत होती.

जूनमधल्या एका शनिवारी दुपारी तिघं जेवायला बसले होते. जुई वरणभात कालवत होती. मान वर न करता तिनं डचमध्ये विचारलं, "हानेके बाई माझ्यामुळे जातायत का? मी फार हळू होते म्हणून?"

विनायक म्हणाला, नाही गं, शाळेत मुलं कमी झाली म्हणून. जुईला ते पटलं नाही. इतकी मुलं आहेत, ती म्हणाली, मग मीच असणार, बाईंचा सगळा वेळ मीच घेतला. ती ते रडून म्हणत नव्हती, हिशेब लागला असं म्हणत होती. विनायकनं डोळ्यांनी खुणावलं, जाऊ दे, विसरेल. पण मुलगी हे ओझं घेऊन तिसऱ्या शाळेत जाणार आणि मग कुठेच कधी तोंड उघडणार नाही, हे उत्तराला दिसत होतं. गप्प राहून काय होतं ते तिनं सायकलींच्या स्टँडपाशी पाहिलं होतं.

"तुझ्यामुळे नाही," ती मराठीत म्हणाली. "माझ्यामुळे. मला एक गोष्ट कुणाला सांगायची नव्हती, ती मी शिवांगी मावशीला सांगितली. म्हणून अद्वय गेला, मग बाकीचे गेले. तुझी काही चूक नाही. सगळी माझी आहे."

जुईनं चमचा खाली ठेवला. तिला सगळं कळलं होतं, मराठी तिला पूर्ण कळायचं. उत्तरा वाट पाहत राहिली, ती चिडेल, ओरडेल, ताट ढकलेल. हे मूल घरात कधी गप्प बसलेलं नव्हतं. जुई बराच वेळ आईकडे पाहत राहिली, फोरबर्गच्या शाळेतल्या बाईंकडे पाहायची तशी, ओठ मिटून. मग ती खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून विनायकजवळ गेली, आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"बाबा," ती म्हणाली, "तिला सांग, मला भूक नाही."