कुसात्सूला मुलगी देताना

बोलायचं गोड आणि खोड काढायची, असं अंबादासनं पक्कं ठरवलं होतं. पोरीला जपानला पाठवायचं नाही म्हणजे नाही!

अमिरातीतल्या खोर फक्कानला त्याचं केटरिंगचं किचन होतं. बंदरावरच्या ऑफिसांना तिथून डबे जायचे, आणि हा सगळा पसारा पुढे शर्वाणी सांभाळणार हे तो ती शाळेत होती तेव्हापासून धरून चाललेला. पण बाईसाहेब दुबईत हॉटेल मॅनेजमेंट शिकल्या, वर जपानी शिकल्या, आणि आता कुसात्सू नावाच्या डोंगरावरच्या गावात, एका पिढीजात हॉटेलात नोकरी मिळवून बसल्या. अडत होतं एकाच गोष्टीवर. हॉटेलची मालकीण जुन्या वळणाची होती. घरच्यांशी स्वतः बोलल्याशिवाय आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय ती परमुलखातली मुलगी ठेवून घेत नसे.

"म्हणजे स्थळच आलंय की हो," त्याची बायको लतिका हसून म्हणाली.

"मग चौकशीही स्थळासारखीच होईल," अंबादास म्हणाला. चौकशीत भलीभली स्थळं मोडतात, हे त्याला ठाऊक होतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी व्हिडिओ कॉल लागला. किमोनो नेसलेल्या, पिकल्या केसांच्या मालकीण फुमिकोबाई पडद्यावर आल्या आणि एवढ्या वाकल्या की नुसता अंबाडाच दिसला. दुभाषी अर्थातच शर्वाणी.

"विचार, गावाला पाण्याचं कसं काय?"

"बाबा, प्लीज! हॉट स्प्रिंग्जचं टाउन आहे ते!"

"विचार म्हणतो ना."

बाईंनी उत्तर दिलं नाही. फोन उचलला आणि त्या थेट बाहेर पडल्या. गावाच्या ऐन मधोमध जमिनीतून पाणी उसळत होतं, लाकडी पन्हळींतून धो धो वाहत होतं, आणि भोवतालच्या छपरांवर हातभर बर्फ! त्या बर्फावरून वाफेचे लोट चढत होते, आणि वाफेतून माणसं आरामात फिरत होती.

"अगं बाई!" लतिकाच्या तोंडून निघालं.

अंबादास सावरून बसला. "त्यात काय एवढं? उन्हाळ्यात आमच्या नळालाच उकळतं पाणी येतं. आम्ही गीझर बंद ठेवून त्यात साठलेलं पाणी गार म्हणून घेतो." हे ऐकून फुमिकोबाईंनी डोळे एवढे मोठे केले की त्याला जरा बरं वाटलं.

"आता घराण्याचं विचार. गावाचं मूळ काय?"

बाई सांगत गेल्या, शर्वाणी मराठीत आणत गेली. पूर्वी थंडी पडली की अख्खं गाव दारं लावून डोंगर उतरायचं आणि वसंतात परत वर यायचं. दीडशे वर्षांपूर्वी मोठी आग लागून गाव जळालं, तेही पुन्हा उभं केलं. शेकडो वर्षं लोक इथं दुखणी घेऊन येत आले. ज्या रोग्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, तेसुद्धा आले. पाणीच असं जहाल, की त्यात लोखंडी खिळा ठेवला तर काही दिवसांत विरघळून जातो.

"खिळा? लोखंडाचा?" अंबादासनं दोनदा विचारून घेतलं. मग त्याला खोड सापडलीच. "असल्या कढत पाण्यात माणूस उतरतो कसा? गार पाणी घालत असतील बादल्या भरभरून. मग राहिलं काय त्यात?"

बाई हसल्या आणि एका लाकडी स्नानगृहात शिरल्या. हौदाच्या कडेला बायका ओळीनं उभ्या होत्या, हातात डोक्याच्याही वर जाणाऱ्या फळ्या. गाणं म्हणत, तालावर, त्या फळ्यांनी पाणी उलथंपालथं करत होत्या.

"गार पाणी घालत नाहीत बाबा," शर्वाणी हळूच म्हणाली. "घातलं तर पाण्याचा गुण जातो. म्हणून असंच हलवून हलवून निववतात. पिढ्यान्‌पिढ्या."

अंबादास आ वासून बघतच राहिला. उकळत्या रश्शात गार पाणी ओतलं म्हणून त्यानं किती आचाऱ्यांना झापलं होतं! सगळे म्हणायचे, शेठ उगाच डोकं खातो. आणि इथं अख्खं गाव पाण्याला असं जपत होतं, तेही गात. खोटं कशाला बोला, त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. गाणं संपेपर्यंत तो हलला नाही.

"आता मी विचारू?" फुमिकोबाई म्हणाल्या. "मुलगी कशी आहे?"

हीच संधी होती. आळशी आहे, तापट आहे, एवढं म्हटलं की खलास. शर्वाणीनं प्रश्न मराठीत सांगितला आणि मान खाली घातली.

"कशी म्हणजे?" अंबादास उसळला. "पाडव्याला मंडळाचं जेवण होतं आणि आचारी तापानं झोपला. हिनं एकटीनं पुरणपोळ्या केल्या, एक फाटली नाही! उष्टी ताटं उचलायला लाजत नाही. पाहुणा उपाशी उठला तर हिला घास जात नाही. अशी मुलगी दिवा घेऊन शोधा!"

"बाबा, हळू ना, ट्रान्सलेट करू दे." स्वतःचं कौतुक जपानीत सांगताना तिचे कान लाल झाले.

लतिका पदराआड हसत होती. मग अंबादासला कळलं, आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

फुमिकोबाईंनी शेवटचं विचारलं, "तुम्ही खुशीनं पाठवताय ना?"

"नाही," अंबादास म्हणाला.

शर्वाणीचा चेहरा पडला.

"खुशीनं नाही. घर खायला उठेल मला. पण असं गाव असेल तर बापानं अडवू नये. मुलगी तुमची. जपा, एवढंच सांग त्यांना."

शर्वाणीनं तोंड उघडलं, पण जपानी काही येईना. ती बापाचा हात धरून हमसून हमसून रडायला लागली. पडद्यावरून फुमिकोबाईंनी ते पाहिलं. मग भाषांतराची वाट न पाहता त्या खाली बसल्या आणि त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं.