आत्याच्या वॉकरसाठी वेल्डिंग मशीन

आत्याच्या वॉकरचा आडवा पाइप तुटला, तेव्हा नवा वॉकर आणायचा, एवढंच काम होतं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात तो उभाच होता. पण मी म्हणालो, "टाकू नका. मी जोडतो."

माझ्या या बोलण्यावर घरात जी शांतता पसरली, तिचा अर्थ मी चुकीचा लावला. मला वाटलं, सगळे भारावून गेलेत.

मी कॉलेजात बुककीपिंग शिकवतो. घरात मी हातानं केलेलं एकमेव मोठं काम म्हणजे बाथरूमचा नळ बदलणं, आणि त्या संध्याकाळी प्लंबरला बोलवावं लागलं होतं. तरीही पाथर्डी फाट्याच्या आमच्या रो-हाउसच्या पार्किंगमध्ये मी एक टेबल टाकलं होतं. त्यावर ड्रिल मशीन, दोन पाने आणि भिंतीला ओळीनं टांगलेले स्क्रू-ड्रायव्हर. मी त्याला 'वर्कशॉप' म्हणायचो. माझी बायको पल्लवी त्याला 'तिकडचा पसारा' म्हणायची. गाडी बाहेर उन्हात उभी असायची.

वत्सलाआत्या नांदगावची. बाजारपेठेत तिचं बांगड्यांचं दुकान आहे. तिच्या खुब्याचं ऑपरेशन नाशिकला झालं, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली होती. आमचं गेट अडकतं. भाजीची गाडी पुढे निघून चाललीय म्हटल्यावर आत्यानं ते गेट वॉकरनं ढकललं. गेट उघडलं, पण वॉकरचा पाइप जोडातून सुटला.

"तुला येतं का रे हे?" तिनं विचारलं.

"शिकायला काय लागतं, आत्या? मशीन चांगलं पाहिजे."

इथेच घोटाळा झाला. कारण मी शिकायला लागलोच नाही. मी मशीन निवडायला लागलो.

वॉकर ॲल्युमिनियमचा. रस्त्यावर रॉडनं ठिणग्या उडवत जे वेल्डिंग चालतं, ते त्याला चालत नाही. त्याला टिग लागतं, म्हणजे आपल्याकडे ज्याला आर्गनचं वेल्डिंग म्हणतात ते. एका हातात टंगस्टनच्या सुईची टॉर्च, दुसऱ्या हातात भरायची तार, आणि हवा लागू नये म्हणून वरून आर्गन वायूचा झोत. त्यातही मशीन नुसतं डीसी असेल तर लोखंड आणि स्टील जोडता येतं. ॲल्युमिनियमला एसी लागतो. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. शहाण्या माणसानं तिथेच थांबून एसी-डीसी असलेलं एक छोटं मशीन घेतलं असतं. पण मला पुढचे प्रश्न पडले. उद्या मला जाड पत्रा जोडायचा झाला तर? पायानं करंट कमी-जास्त करायचं पेडल हवं की नको? परवा कुणी ट्रॅक्टर घेऊन आलं तर?

आमच्याकडे आजवर ट्रॅक्टर घेऊन कुणीही आलेलं नाही.

मी व्हिडिओ बघत राहिलो. जेवताना बघायचो, पेपर तपासताना बघायचो. वर्गात घसारा शिकवताना उदाहरणात फर्निचरऐवजी वेल्डिंग मशीन येऊ लागलं. एका मुलीनं विचारलं, "सर, हे एसी आहे की डीसी?" तेव्हा तिला मी मनापासून शाबासकी दिली.

घरात माझं ऐकणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आत्या. तिला वॉकरशिवाय फार कुठं जाता येणार नाही, असं मी गृहीत धरलं होतं. त्यामुळे ती समोर बसायची आणि मी सांगायचो. काही दिवसांनी भाजीवाल्या भिमाबाईंना ती सांगताना मी ऐकलं, "डीसीवर लोखंड होतं बाई. ॲल्युमिनियमला एसीच पाहिजे."

"एसी? आता थंडीत कशाला?" भिमाबाई म्हणाल्या.

"त्याला ईचार. तो लय अभ्यास करून ऱ्हायला."

माझा शाळेपासूनचा मित्र भिकन अंबडला फॅब्रिकेशनचा धंदा करतो. मी त्याच्याकडे सल्ला विचारायला गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वॉकर घेऊन ये. चहा येईपर्यंत जोडून देतो."

"मला जोडून नकोय. मला मशीन कोणतं घ्यावं ते सांग."

"कशासाठी?"

"वॉकर जोडायला."

भिकननं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "घ्यायचंच असेल तर मोठं घे. लहान घेतलं की लोक नंतर रडतात." हा सल्ला मला इतका आवडला, की तो त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलता बोलता दिला होता, याकडे मी दुर्लक्ष केलं.

दरम्यान आत्याला डॉक्टरांकडे तपासायला न्यायचा दिवस आला. डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं. मी धरायला पुढे झालो, तर ती काठी टेकत सरळ दारापर्यंत गेली, वळली आणि परत आली. डॉक्टर खूश झाले.

"वॉकर लवकर सोडलात, फार छान केलंत. कोणी सांगितलं होतं?"

"ह्यानं," आत्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "मशीन निवडत व्हता. तवर मी भिंतीला धरून धरून चालाया लागले."

डॉक्टरांना काहीच कळलं नाही. पल्लवी मात्र तोंडावर धरायला पदर नसल्यामुळे पर्स धरून हसली. घरी येताना कळलं, की आत्या आता रोज गल्लीच्या टोकापर्यंत जाते आणि मागच्या आठवड्यात शेजारणीबरोबर रिक्षानं पंचवटीला रामाचं दर्शनही घेऊन आली. मी तेव्हा घरातच होतो. पेडलबद्दल वाचत होतो.

म्हणजे वॉकरची गरजच संपली होती. मशीनचीही संपली, असं पल्लवीनं अतिशय सभ्य शब्दांत सुचवलं. मला खरंच वाईट वाटलं. इतके दिवस जिच्यासाठी तयारी केली, ती परीक्षाच रद्द झाल्यासारखं झालं.

रात्री जेवताना आत्यानंच विषय काढला. "एवढं शिकलायस, तर घे बाबा. नायतर जल्मभर निवडत बसशील."

"आत्या, तुम्ही पण!" पल्लवी म्हणाली.

"अगं, दुकानात येत्यात ना बाया. शंभर बांगड्या घालून बघत्यात. त्यांना एक घ्यायला लावली, की त्या सुखी आन् मी सुखी."

ती माझ्याबरोबर सातपूरच्या दुकानात आली. दुकानदारानं विचारलं, "काम काय करायचंय?" मी एसीची वारंवारिता, आर्क सुरू करायची पद्धत, मशीन किती वेळ सलग चालेल, इथपासून सुरुवात केली. तो ऐकत राहिला. शेवटी आत्या म्हणाली, "वॉकर जोडायचाय."

दुकानदारानं गंभीरपणे विचारलं, "दिवसाला किती वॉकर निघतात?"

मी म्हणालो, "सध्या एक."

मशीन मोठंच घेतलं. आर्गनचा सिलिंडर, हेल्मेट, हातमोजे सगळं आलं. रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये मांडामांड केली. शेजारचे दोघं-तिघं कुंपणापाशी जमले. मी करंटचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, कारण मोठं मशीन घेतलं होतं आणि ते मोठं आहे हे लोकांना दिसायला हवं होतं. हेल्मेट खाली पाडलं. टॉर्चचं बटण दाबलं.

सगळं काळं झालं. मला वाटलं, हेल्मेटची आपोआप काळी होणारी काच काम करतेय. हेल्मेट वर केलं, तर आतून मिक्सर बंद पडल्याचा आणि पल्लवीचा, असे दोन आवाज एकदम आले. मेन स्विच पडला होता.

मी जगभरच्या मशीनांची तुलना केली होती. ते मशीन ज्या घरात लावायचं, त्या घराचं वायरिंग किती भार घेतं, हे बघितलं नव्हतं. मुख्य म्हणजे, ते बघायचं असतं हे मला माहीत होतं. त्यावरचा व्हिडिओ मी 'नंतर बघू' म्हणून ठेवून दिला होता.

स्विच वर केला, पुन्हा पडला. कुंपणापाशी कुणीतरी खोकलं. मी मशीनच्या खोक्यावर बसलो. आत्या पायरीवर बसून सगळं बघत होती. ती म्हणाली, "बारीक करून बघ ना. गॅस कसा बारीक करतो."

बारीक केला. पातळ पाइपाला तसाही आधीच्या पाव हिश्शाएवढाच करंट लागणार होता. निळसर उजेड झाला, सुईच्या टोकापुढे ॲल्युमिनियम आरशासारखं चमकलं, आणि मी इतका आनंदलो, की तार घालायची विसरलो. पाइपाला सुपारीएवढं भोक पडलं. ते बुजवायला गेलो, तर दुसरं पडलं. सुई वितळलेल्या धातूत बुडाली, तिला गोळा चिकटला. तिला धार लावली, पुन्हा बुडवली. दुपारपर्यंत कुंपण रिकामं झालं होतं आणि वॉकर कसाबसा एकसंध झाला होता. जोड एखाद्या जखमेवर चघळलेलं च्युइंगम लावावं तसा दिसत होता.

आत्यानं वॉकर जमिनीवर उभा केला. त्याचे तीनच पाय टेकले. चौथा हवेत राहिला.

"लय मजबूत झालाय," ती म्हणाली, आणि काठी घेऊन आत गेली.

पुढच्या आठवड्यात ती नांदगावला गेली. मी तिला स्टेशनवर सोडलं, तेव्हा बॅग तिनंच उचलली. घरी आल्यावर मी भिकनला फोन केला आणि या वेळी मशीनबद्दल काही न विचारता म्हणालो, "मला शिकव." तो हसला, पण थोडंच. मग त्याच्याकडून कापलेल्या पाइपांचं पोतंभर भंगार आणून मी दर रविवारी जोडत बसलो. हात स्थिर करायला कोपर टेकवायचं, श्वास रोखायचा नाही, धातू आधी पाण्यासारखा होऊ द्यायचा आणि मगच तार द्यायची. व्हिडिओत हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की ते मला येतं असंच वाटत होतं.

एका रविवारी बोटभर जोड नीट आला. एकसारखे, एकावर एक सरकलेले खवले. मी पल्लवीला हाक मारली. ती केस पुसत बाहेर आली. तिनं त्यावरून नख फिरवलं.

"हे तुम्ही केलंत?"

"हो."

"छान आहे की हो," ती म्हणाली आणि खरंच थोडा वेळ बघत राहिली. बाकीचा पाइप मी पाठीमागे धरला होता, तो तिनं मागितला नाही.

परवा आत्याचा फोन आला. दुकानात गर्दी होती, मागून बायकांचे आवाज येत होते.

"आता काय बनवून ऱ्हायलास?" तिनं विचारलं.

"चाकांचा गाडा."

"कशाला?"

"मशीन ठेवायला."

पलीकडे ती इतकी हसली, की गिऱ्हाईक काय झालं म्हणून विचारायला लागलं. मी फोन कानाला धरूनच गाड्याकडे पाहिलं. गाड्याची तीन चाकं बसली होती आणि चौथ्यासाठी मी अजून बेअरिंग निवडत होतो.