मूठ

महेश्वरीनं आठव्यांदा कॅनव्हासवरची ती मूठ चिंधीनं पुसून काढली. टर्पेंटाइनच्या वासानं डोकं उठलं होतं आणि पॅलेटवरच्या राखाडी चिखलाकडं बघून ओकारी यायची तेवढी बाकी होती.

समोर गौरीशंकर सरांचं गाजलेलं चित्र होतं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये बसलेली विधवा. कोरं कपाळ, भुंडे हात, मांडीवर आवळलेली मूठ. धाराशिवच्या त्यांच्या क्लासात व्यक्तिचित्र शिकायचं तर आधी याची हुबेहूब नक्कल उतरवायची. ती सरांना पटली तरच कला महाविद्यालयासाठी त्यांचं शिफारसपत्र. बाकी सगळं जमलं होतं. मूठ तेवढी कणकेच्या गोळ्यासारखी दिसत होती. ते दुःख आहे, तुला कळायला वेळ लागेल, असं म्हणून सर डोळे टिपत. पाहुण्यांसमोर जरा जास्तच.

सर जेवायला गेले, तशी क्लास झाडणारी इरम्मा चित्रापाशी थांबली.

"मुठीत काय हाय ठावं न्हाय, तर जमंल कसं?"

महेश्वरीनं वळून तिची हनुवटी पाहिली. आठ दिवस ती हीच हनुवटी रंगवत होती.

"मावशी, तुमचे मालक तेव्हा..."

"जित्ते व्हते की. रेशनच्या रांगंत हुबे. सर म्हणले, कुकू पूस, बांगड्या काढ, रंग लई वरडतोय. लेकराला ब्लँकेट देतो. काढताना दोन वाढल्या. तुकडे टाकवंनात, मुठीत धरून बसले." तिनं केरसुणी भिंतीला टेकवली. "चित्र पेपरात आलं. मालक मरस्तोवर म्हणायचे, मी असताना रंडकी झालीस."

महेश्वरीला सरांची किळस आली, आणि ते कपाळ इतक्या कौतुकानं कोरं ठेवणाऱ्या स्वतःच्या हाताचीही. कपाळावर कुंकू रंगवू का, असं तिनं विचारलं.

"आता न्हाय शोभायचं. मूठ तेवढी खरी काढ."

तिनं हिरव्या रंगाची न उघडलेली ट्यूब फोडली. बोटांच्या फटीत काचेच्या दोन बारीक कडा आल्या आणि मूठ एका दमात मिटली.

सर दात कोरत आले. मूठ जमली म्हणाले. मग जवळ वाकले आणि दात कोरायचे थांबले.

"हे हिरवं पूस," ते हळूच म्हणाले. "पत्र आजच देतो."

महेश्वरीनं चिंधी उचलली. तिनं आपले हात स्वच्छ पुसले आणि सरांची खुर्ची इरम्मापुढं ओढली.

"बसा, मावशी."